तिसऱ्या झाडाचं पांघरूण

ओफेलिया त्रेविन्योला दारातली ती तीन पामची झाडं कधीच आवडली नव्हती. सान बेनितो गावातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, एका तिच्या नवऱ्याला सोडून. बाल्देमारला वाटायचं, झाडं आपल्याला आवडतात म्हणजे घराला आवडतात. नवऱ्यांना असं बरंच काही वाटत असतं.

झाडं दिसायला देखणी होती, ते कुणी नाकारणार नाही. माणसापेक्षा हात-दीड हात उंच, बारीक खोडाची, वर मऊ पानांचा झुबका. पण पानांच्या बुडाशी लांब लांब काटे, आणि थंडीचं नाव काढलं की मान टाकायची. आमच्या नदीकाठचा जुना पाम आपला आपण वाढतो, त्याला कुणी विचारायला जात नाही. ही नाजूक जात विकत आणलेली आणि म्हणून लाडाची. इथला हिवाळा बहुतेक वेळा असून नसल्यासारखा; नाताळात माणसं अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात अंगणात मांस भाजत बसतात. पण एखाद्या वर्षी उत्तरेचं वारं असं सुटतं, की सकाळी घाम पुसणारा माणूस दुपारी दात वाजवत घरात पळतो. त्या दिवशी अख्खं गाव आपापली झाडं झाकायला धावतं. कपाटातल्या चादरी, विटके पडदे, पोरांचे जुने कोट, जे हाताला लागेल ते झाडांच्या अंगावर चढतं.

बाल्देमारचं वेड मात्र गावाच्या वरताण होतं, आणि त्याला कारण होतं. तरुणपणी तो मोसंबीच्या बागेत मुकादम होता. एका डिसेंबरात सगळा मुलूख गोठला. मालकाने माणसांना बागेत उभं केलं, ओळींच्या मधून जुने टायर पेटवून दिले, आणि धुराने काळी झालेली ती माणसं झाडांना ऊब देत राहिली. बाग मेली ती मेलीच. बागेबरोबर कामही गेलं. त्यानंतरचे कितीतरी उन्हाळे ओफेलिया आणि बाल्देमारने पोरं गाडीत घालून थेट दूर उत्तरेला मिनेसोटापर्यंत जाऊन बीटाची शेतं खुरपण्यात काढले. परत येऊन घर बांधलं, आणि घराला नीट दार लागायच्या आधी त्याने दारात ही तीन झाडं लावली. का लावली हे त्याने कधी सांगितलं नाही. ओफेलियाला ते न सांगता कळलं होतं. पण कळल्याने रात्री पाय थोडेच गरम होतात! थंडी आली की हा बाबा पलंगावरची पांघरुणं उचलून झाडांना नेऊन घालायचा आणि घरातली माणसं कोट घालून झोपायची.

झाकायचं काम तो करायचा, असं गावात म्हणत. खरं म्हणजे तो हुकूम सोडायचा आणि ओफेलिया दोरी धरायची. पानं सगळी वर गोळा करायची, केसांचा अंबाडा बांधावा तशी आवळायची, मग खालून वर चादरी गुंडाळत जायचं. खोडापेक्षा शेंड्याला जास्त जपायचं, कारण पामचा जीव शेंड्यातल्या एका कोंबात असतो. तो गेला की बाकीचं झाड उभं असून उपयोग नाही. चादरींच्या आत नाताळच्या जुन्या दिव्यांची माळ सोडायची. ते जुने बल्ब चांगले तापायचे. "धर. ओढ. सोड. अगं, सोड म्हटलं ना!" असं चालायचं, आणि शेवटी तिच्या हातावर काट्यांचे ओरखडे उठलेले असायचे आणि हा दूर उभा राहून झाडांकडे कौतुकाने बघत असायचा.

ओफेलियाचं आयुष्य असं कुणाचं ना कुणाचं काहीतरी धरून ठेवण्यात गेलं. शाळेच्या स्वयंपाकघरात ती घेवड्याची मोठाली पातेली उतरवायची. त्यात उजवा खांदा कामातून गेला. सासू अंथरुणाला खिळली, तिचं सगळं हिनेच केलं. पोरं मोठी झाली. दोघं दूरच्या शहरांत गेली, धाकटी मारिसेला तेवढी शेजारच्या हार्लिंजनमध्ये राहिली. नोकरी सुटली तेव्हा ओफेलियाने ठरवलं होतं, आता सकाळी उठून कॉफी घेऊन नुसतं बसायचं. तो बेत काही महिनेच टिकला. मग बाल्देमारला झटका आला. डावं अंग लुळं पडलं आणि डाव्या बाजूचं दिसणंही गेलं. तेव्हापासून त्याला उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची, गोळ्या द्यायच्या, घेवडा कुस्करून भरवायचा, हे सगळं तिच्यावर आलं. घरातल्या जुन्या चादरी फाडून तिने त्याच्याखाली घालायच्या घड्या केल्या. रोज त्या धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा घालायच्या. ती कुरकुर करत नसे. कुरकुर करायला पण अंगात थोडी ताकद लागते.

त्या फेब्रुवारीत वारं फिरणार असं रेडिओवर सांगायला लागले, तेव्हा शेजारची क्रेसेन्सिया कुंपणापाशी आली. ती मारिसेलाची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. क्रेसेन्सियाच्या तोंडाला कधीच टाळं नसायचं.

"काय गं कोमाद्रे, यंदा तुझ्या लाडक्यांना कोण निजवणार?"

"कोण लाडके? मरू देत."

"हळू बोल. आतून ऐकेल तो."

"ऐकू दे. कान त्याचे दोन्ही चांगले आहेत, तेवढंच माझं नशीब."

तिने खरंच ठरवलं होतं, यंदा झाडांना हात लावायचा नाही. गोठली तर गोठली. एक ओझं कमी होईल.

आणि थंडी आली ती अशी, की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कपाळाला हात लावला. सकाळी सकाळी दिवे गेले. आमची घरं उन्हासाठी बांधलेली. भिंती पातळ, आणि ऊब देणारं जे काही होतं ते विजेवर. दुपारपर्यंत घर आतून पेटीसारखं गार पडलं. बाल्देमार दोन गोधड्या आणि एका घोंगडीत गुंडाळून खुर्चीत बसला होता आणि खोकत होता. तो खोकला ओफेलियाला बरा वाटेना. झटक्यानंतर एकदा त्याची छाती भरली होती, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, परत असं झालं तर मी काही सांगू शकत नाही.

मारिसेलाचा फोन आला. तिचं घर इस्पितळाच्याच विजेच्या तारेवर, म्हणून तिथली वीज शाबूत होती.

"आमा, आपांना घेऊन ताबडतोब निघ. संध्याकाळी पुलावर बर्फ धरेल, मग रस्ता बंद करतील. मी आले असते गं, पण लेकरू तापलंय."

"निघते."

"आत्ता निघ. भांडी घासत बसू नकोस."

ओफेलियाने औषधांची पिशवी भरली, गाडी मागच्या दाराशी आणली आणि बाल्देमारसमोर उभी राहिली. "चल म्हाताऱ्या. मारिसेलाकडे जायचंय."

"झाडं झाकली?"

"झाडं राहू देत."

"मग मी येत नाही."

"तू काय लहान आहेस?"

"झाकल्याशिवाय मी हलणार नाही, म्हातारे. तू जा."

आता, बाल्देमार चांगला अंगाने भरलेला. त्याने उजवा पाय रोवला आणि उजव्या हाताने तिचा खांदा धरला, तरच तो उठायचा. त्याने मनावर घेतलं नाही तर ओफेलियालाच काय, तिच्यासारख्या दोघींनाही तो हलला नसता. हे त्यालाही माहीत होतं. ती ओरडली, तिने हात जोडले, देवाच्या आईची शपथ घातली. तो खोकत राहिला आणि खिडकीच्या दिशेने बघत राहिला. खुर्चीतून त्याला झाडांचे शेंडे तेवढे अर्धवट दिसत.

"माणूस मरेल इथं गारठून," ती म्हणाली.

"माणूस तसाही मरायलाच आलाय. झाडांचं वय नाही मरायचं."

ओफेलियाने कोट चढवला, त्याची खुर्ची खिडकीकडून फिरवून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, म्हणाली "इथं वारा कमी लागेल," आणि दोरी घेऊन बाहेर गेली.

वारा अंगाला कापत होता. पहिल्या झाडाची पानं गोळा करताना काटे हातमोज्यांतून आत शिरले. एका हाताने पानं आवळायची, दुसऱ्याने दोरी फिरवायची, आणि खांदा वर जाईना. तिने ओठ दातांखाली दाबून, स्टुलावर चढून, कशीबशी गाठ मारली. चादर गुंडाळली, तिच्यावर पडदा गुंडाळला, पुन्हा दोरी. दिव्यांच्या माळेचा प्रश्नच नव्हता, वीज नव्हती. दुसऱ्या झाडाला तिचे हात बधिर झाले होते, ते एका परीने बरंच झालं, काटे कळत नव्हते. उरलेल्या दोन चादरी, तिचा जुना झगा आणि मेजावरचं कापड त्याला गेलं. आतून अधूनमधून बाल्देमारचा आवाज यायचा, "शेंडा नीट झाक!" मग खोकला. मग पुन्हा, "शेंडा!"

तिसऱ्या झाडाशी ती आली तेव्हा हातात नुसती दोरी होती. कपाट रिकामं झालं होतं. इतर वर्षी कपाटात ढीगभर जुन्या चादरी असायच्या. यंदा त्या सगळ्या फाटून घड्या झाल्या होत्या, आणि धुतलेल्या ओल्या घड्या मागच्या तारेवर गोठून काठीसारख्या कडक झाल्या होत्या. ती आत गेली.

"कापड संपलं."

"माझ्या अंगावरची घे," बाल्देमार लगेच म्हणाला आणि उजव्या हाताने गोधडी ओढायला लागला. "ही घे. मला काय करायचीय इतकी!"

त्याचे ओठ निळसर दिसत होते. ओफेलियाने गोधडी परत त्याच्या गळ्यापर्यंत ओढली, काठ खुर्चीत खोचले. "गाडीत जुनं कापड असेल. बघते," म्हणाली. गाडीत काही नव्हतं. ते तिला आधीच माहीत होतं.

ती त्या तिसऱ्या झाडापुढे किती वेळ उभी होती कोण जाणे. तिला रडू येत नव्हतं. फक्त कुठेतरी टेकावंसं वाटत होतं. मग तिची नजर बागेच्या नळीवर गेली. ती पोरगी असताना, तिचा बाप बागेत कामाला होता तेव्हा, गोठायच्या दिवशी मोसंबीच्या रोपांवर पाणी फवारायचे. पाण्याचं बर्फ व्हायचं, रोप काचेत ठेवल्यासारखं दिसायचं, आणि आत जिवंत राहायचं. हे बागेतल्या माणसांनाच सुचेल. पण बागेतलं पाणी ऊन येईपर्यंत अखंड चालू असायचं, आणि मोसंबी म्हणजे पाम नव्हे. हे तिला त्या वेळी आठवलं नाही, की आठवूनही तिने तिकडे कानाडोळा केला, मला सांगता येणार नाही. तिने नळ सोडला आणि शेंड्यावर पाणी मारलं. पाणी पानांवरून ओघळलं, कोंबाच्या बेचक्यात साठलं. थोड्याच वेळात नळीतून गुरगुर झाली आणि धार तुटली. गावातलं पाणी गेलं होतं.

ती आत आली. "झाकली."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"दोरी घट्ट?"

"घट्ट."

मग बाल्देमारने उजवा पाय रोवला आणि हात वर केला. "पुढच्या दाराने ने. बघू दे एकदा."

"पुढे पायऱ्या निसरड्या झाल्यात," ती म्हणाली. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं.

मारिसेलाकडे पोहोचल्यावर त्याला ताप भरला. डॉक्टर येऊन गेला, औषध बदललं, छातीत घरघर होती ती हळूहळू उतरली. "आमा, एक रात्र जरी त्या घरात काढली असतीत ना," मारिसेला म्हणाली, आणि तिने बापाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. त्या ऊबदार घरात ओफेलियाला पलंग मिळाला, गरम सूप मिळालं, आणि लेक तिला कशालाही हात लावू देईना. आयुष्यात प्रथमच तिला हवं तेवढं झोपता आलं असतं. पण बाल्देमारने डोळे उघडले की तो विचारायचा, "चादरी उडाल्या नसतील ना?" आणि ती म्हणायची, "नाही उडाल्या." तिला झोप काही लागेना.

थंडी ओसरली आणि ती दोघं घरी आली, तेव्हा सगळं गाव तपकिरी झालं होतं. मोसंब्या गेल्या, बोगनवेली गेल्या, गल्लीतल्या पामची पानं वाळून लोंबत होती. ओफेलियाने पांघरुणं काढली. झाकलेल्या दोघांचीही पानं टोकाकडून भाजली होती. त्यामुळे खिडकीतून, अर्ध्या नजरेला, तिघं सारखीच दिसत. "उन्हाळा लागेपर्यंत कुणी कोयता लावायचा नाही," बाल्देमारने हुकूम सोडला. "वरून मेलेलं झाड आतून जिवंत असतं. घाई करणारे मूर्ख असतात." ती हो म्हणाली आणि त्याच्याखालची घडी बदलली.

क्रेसेन्सिया मात्र कुंपणापाशी हजर. "कोमाद्रे, तुझ्या त्या तिसऱ्याला थंडीत आंघोळ का घातलीस गं? मी खिडकीतून बघितलं. म्हटलं, ही बाई कामातून गेली."

"त्याला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? मी काय चहाडखोर आहे?" क्रेसेन्सिया म्हणाली, आणि तिने अर्ध्या गल्लीला सांगितलं, पण बाल्देमारला मात्र सांगितलं नाही, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

एप्रिलात पहिल्या दोन झाडांच्या शेंड्यातून भाल्यासारखा हिरवा कोंब वर निघाला. तिसऱ्यातला जुना कोंब होता तसाच उभा होता, ना वाढत होता, ना पडत होता. ओफेलिया रोज सकाळी कॉफी घेऊन त्याच्याकडे जायची, बघायची, आणि परत यायची. तिला त्या झाडाचं प्रेम नव्हतं. पण ते उठावं असं तिला आता फार वाटत होतं. खोटं खरं झालं असतं.

एका रविवारी मारिसेला फळ्या घेऊन आली आणि तिने पुढच्या पायऱ्यांवर उतार केला. बाल्देमारला कित्येक महिन्यांनी पुढच्या अंगणात आणलं. ओफेलिया खुर्ची ढकलत होती. तो पहिल्या झाडाशी थांबला, खोडावर हात फिरवला, वर बघून हसला. दुसऱ्याशीही तसंच. मग तिसरं.

"मला उठव जरा," तो म्हणाला.

मारिसेलाने त्याला काखेत धरून उभं केलं. आमच्याकडे झाड जिवंत आहे की नाही हे असंच बघतात. शेंड्यातला कोंब धरून हलकेच ओढायचा. जिवंत असला तर तो घट्ट असतो. बाल्देमारने उजवा हात वर ताणून पानांमधला कोंब चिमटीत धरला आणि जराशी ओढ दिली. अख्खा कोंब सुळकन त्याच्या हातात आला. बुडाशी काळा, चिकट, आणि आंबलेला वास. त्याने तो नाकाशी धरला.

"पाणी शिरलं होतं शेंड्यात," तो म्हणाला.

कुंपणापलीकडे क्रेसेन्सियाला एकाएकी कुंड्यांची फार काळजी वाटायला लागली.

"चादरीतून एवढं पाणी आत जात नाही, म्हातारे."

"चादर नव्हती," ओफेलिया म्हणाली. "काही उरलं नव्हतं. जे होतं ते तुझ्या अंगावर होतं, आणि ते मी काढणार नव्हते. नळीने पाणी मारलं, बागेत मारायचे तसं. मला वाटलं… काय वाटलं ते माझं मलाच नाही माहीत. मी दमले होते."

मारिसेला आईकडे बघत राहिली. खांदा दुखतो, कंबर धरलीय, हे तिने आईच्या तोंडून ऐकलं होतं. 'मी दमले' हे कधी ऐकलं नव्हतं.

बाल्देमार खुर्चीत बसला. त्याने तो काळा कोंब मांडीवर ठेवला. मग ओफेलियाच्या हातांकडे बघायला लागला, जणू ते हात आज प्रथमच त्याच्या उजव्या बाजूला आले होते.

"मारिसेला," तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला करवत घेऊन पाठव. तिन्ही काढून टाकू. पुढच्या थंडीत हिने बाहेर जायला नको."

तो मनापासून बोलत होता. टायरच्या धुरातून बाहेर पडल्यापासून जे त्याने जपलं, ते तो बायकोला देऊन टाकत होता, आणि ओफेलियाला हे कळलं. कळलं म्हणूनच ती भडकली.

"तिन्ही?" ती ओरडली. "या दोघांना करवत लावलीस तर याद राख! बांधली कुणी? काटे कुणी खाल्ले? स्टुलावर तू चढला होतास? खांदा अजून वर जात नाही माझा. दमले म्हटलं मी, मरा म्हटलं नाही. आता ती तुझी नाहीत."

"मग कुणाची?"

"माझी."

"आवडत नव्हती ना तुला?" बाल्देमारने हळूच विचारलं.

"अजून आवडत नाहीत," ओफेलिया म्हणाली, आणि तिथेच, फळ्यांच्या कडेला, भर उन्हात खाली बसली. मारिसेला पाणी आणायला आत गेली. बाल्देमारला पाण्याची तहान लागली होती, पाठीमागची उशी सरकली होती, आणि ऊन डोळ्यांवर येत होतं. ती उठेपर्यंत त्याने काहीही मागितलं नाही.